विहिणीच्या वाटणीचं गाणं

भिंगारहून सोनई म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. तरी हे लिहायला बसलो, कारण सोनईच्या पुढे मी जिथे गेलो तिथे तुमच्यापैकी कुणी मुद्दाम जाईल असं वाटत नाही. तिथे देऊळ नाही, किल्ला नाही, थंड हवा तर नाहीच नाही. एका म्हातारीजवळ एक अर्धं गाणं होतं, त्याच्यासाठी मी पेटी घेऊन गेलो होतो.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. तरुणपणी नाटक कंपनीत पेटीची साथ केली. कंपनी बुडाली तेव्हा नगरच्या एका शाळेत गायन शिकवायला लागलो, आणि आता निवृत्त होऊन भिंगारला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मागच्या वर्षी पत्नी गेली. तेव्हापासून घरात ऐकू येण्यासारखं म्हणजे छावणीतला बिगुल, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. तक्रार करत नाही, पण ज्याला घरी बोलायला कुणी नसतं तो भाजीवालीशी किती वेळ भाव करतो हे मला या वर्षात कळलं. मेथीची जुडी न घेताच मी कितीतरी वेळा परत आलो आहे.

अशा दिवसांत लहानू दारात उभा राहिला. हा माझा जुना विद्यार्थी. सोनईजवळच्या भिल्लांच्या वस्तीतला, वसतिगृहात राहून शिकलेला, आणि आता आपल्याच वस्तीतल्या शाळेवर मास्तर. कामासाठी नगरला आला होता.

"गुरुजी, आमची बोली चाललीय," तो म्हणाला. "भिलाऊ. मला समजते, पण नीट बोलता येत नाही. पोरांना तर काहीच नाही. एक म्हातारी राहिलीय, तिला लग्नातली गाणी येतात. नुसती बोली शिकवायला गेलो तर पोरं हसतात. पण गाणं म्हटलं की तोंडात बसते. सव्वीस जानेवारीला पोरांकडून लग्नाचं सोंग करून घेणार आहे. तुम्ही पेटी घेऊन याल का?"

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्यानं विहिरीत पोहायला बोलावलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

सोनई

पेटी पत्नीच्या जुन्या पातळात गुंडाळली होती. गाडीत चढताना कंडक्टर म्हणाला, "बाबा, टपावर टाका." मी म्हणालो, टपावर जाणार नाही, मांडीवर घेईन. तो बोचक्याकडे बघत म्हणाला, "घ्या मंग. मांडीवरच्याला तिकीट न्हाई, पन रडलं तर उतरवून दीन." गाडीतली माणसं हसली, मीही हसलो. घोडेगावपर्यंत मला बरं वाटत होतं.

ते साल दुष्काळाचं होतं हे सांगायला नको, तुमच्याही ताटात तेव्हा रेशनची तांबडी मिलो ज्वारी आली असेल. सोनईच्या बाजारात गिऱ्हाईक होतं, पण ते हातात घेऊन खाली ठेवणारं. मी एका हॉटेलात भजी मागितली तर मालक म्हणाला, "भजी हायेत, पन पानी अर्धाच गिलास मिळंल." तो अर्धा गिलास मी जपून प्यालो. लहानू सायकल घेऊन आला होता. पेटी कॅरियरला बांधली आणि आम्ही दोघं चालत निघालो.

रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं काम चाललं होतं. बायामाणसं ओळीनं बसलेली आणि हातोड्यांचा आवाज सगळीकडून एकसारखा. ज्वारी गुडघ्याएवढी वाढून तशीच वाळली होती. बाभळी शेळ्यांसाठी छाटून बोडक्या केल्या होत्या. आमच्या कोकणातल्या आजोळी उन्हाळ्यातसुद्धा कुठेतरी ओल असते, दगड उचलला की खाली काळं दिसतं. इथे दगडाखालीही धूळच होती. लहानू चालता चालता एकेका माणसाला हाक मारत होता आणि सगळे त्याला "मास्तर, पावनं कोन?" म्हणून विचारत होते. तो म्हणायचा, "माझे गुरुजी." त्या शब्दासाठी तेवढं ऊन सोसलं.

भिलाटी

वस्तीला भिलाटी म्हणतात. ओढ्याच्या काठाला उसाच्या पाचटानं शाकारलेल्या झोपड्या, आणि थोडी बाजूला पत्र्याची एकखोली शाळा. ओढा नावाचाच होता. पूर्वी इथली माणसं त्यात मासे धरायची. आता त्यात पोरं लंगडी खेळत होती. मला शाळेत उतरवलं. जेवायला मिलोची भाकरी, ठेचा आणि भाजलेले सुके बोंबील. भाकरी लाल आणि अशी चिवट की तोडायला दोन्ही हात लावावे लागले. वाढणारी बाई म्हणाली, "अमेरिकेची हाय म्हनत्यात. तितल्या गाया कशा खात आसतील." मी म्हणालो, त्यांचे दात आपल्यासारखे नसणार. ती पदर तोंडाला लावून हसली.

उन्हं कलल्यावर माणसं कामावरून परतली, आणि लहानू मला भुरीबाईकडे घेऊन गेला. ही ती म्हातारी. उंच, वाळकी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेलं. पोरं तिला याहा म्हणतात. भिलाऊत याहा म्हणजे आई. एक लेक होती, ती लग्नानंतर पहिल्याच बाळंतपणात गेली. तेव्हापासून भुरीबाई एकटी राहते. सगळ्या वस्तीची आई, आणि झोपडीत एकच ताटली.

मी तिला विचारलं, बोली सुटली कशी?

"आमीच सोडली," ती म्हणाली. "शेतावर कामाला गेलं, आमी आमच्यात बोलाय लागलं का मालक म्हनायचा, मला शिव्या देता व्हय रं? मंग दोन दिस काम न्हाई. आमी कशाच्या शिव्या देतोय, भाकरीचं बोलत हुतो. पन त्येला कोन सांगंल. म्हून पोरांम्होरं बोलायचंच सोडलं."

"आणि गाणी?"

ती हसली. "गान्यात मातर शिव्याच हायेत."

तर हे गाणं म्हणजे लग्नातलं विहिणींचं भांडण. आपल्याकडेही विहीण रुसते, तिचे पाय धुतात, रुखवतावर टोमण्यांची गाणी म्हणतात. पण आपल्यात ते सगळं आता दोन ओळींत उरकतं आणि लगेच कॉफी येते. यांच्यात मांडवाच्या एका बाजूला मुलीकडच्या बाया बसतात, दुसऱ्या बाजूला मुलाकडच्या. इकडून एक ओळ येते, तिकडून तिचं उत्तर. मुलीची आई मुलाच्या आईला घालून पाडून बोलते, मुलाची आई परत देते, आणि ज्या विहिणीला जास्त लागट बोलता येतं तिची पंचक्रोशीत चर्चा होते. भुरीबाई मुलीची आई. तिला तिच्या बाजूचं सगळं गाणं येत होतं.

गाणं सुरू व्हायच्या आधीच अडचण आली. ती म्हणाली, शिव्या घालायच्या तर समोर कुणीतरी पाहिजे, वस्तीत तर सगळीच तिची. तिनं माझ्याकडे पाहिलं. "ह्ये बाहेरचे हायेत. ह्येंला बशिवा तिकडं." समोरच्या अंगाला एक घोंगडी टाकली आणि मला तिच्यावर बसवलं. अख्खं वऱ्हाड म्हणजे मी एकटा. घोंगडी चांगली दहा माणसांची होती. समोर भुरीबाई आणि तिच्यामागे सगळी पोरं दाटीवाटीनं बसली होती, आणि मधे सारवलेली रिकामी जमीन.

तिनं ओळ म्हटली. आवाज पातळ, पण सूर पक्का. लहानूनं पलीकडून मला अर्थ सांगितला: तुमच्या नदीचे मासे तुमच्यासारखेच गं विहिणी, नुसती हाडं. पोरांनी ओळ परत म्हटली. मग ती थांबली.

आता मी पेटीवाला. जन्मभर गवयाच्या दोन ओळींच्या मधली जागा भरत आलो आहे. गवई श्वासाला थांबला की माझी बोटं आपोआप चालतात. ती थांबली, मी पेटीवर तीच ओळ सुबकपणे वाजवली, वर एक छोटी तानही टाकली.

भुरीबाईनं हात वर केला. "थांबा. तितं तुमी नगा बोलू."

"ताल सुटेल म्हणून भरलं," मी म्हणालो.

"ती जागा मंगळीची हाय."

मंगळी म्हणजे तिची विहीण, शेवगावकडची. भुरीबाईचं म्हणणं असं की त्या थांबण्यात मंगळी उत्तर देते. मी पेटी बंद केली. तिनं ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा थांबली, आणि या वेळी मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती ऐकत होती. भुवई वर गेली, ओठ मुडपले, आणि एकदम ती खुदकन हसली. समोर मी होतो, माझ्या तोंडून तर अवाक्षर निघालं नव्हतं. ती हसली म्हणून पोरंही हसली. ती पुढची ओळ म्हणाली. असं सगळं गाणं झालं: एक ओळ, एक शांतता. पोरांना ओळींइतक्याच त्या शांतताही पाठ होत्या. कुठली लांब, कुठली आखूड, कुठे हसायचं, सगळं.

मी त्या लांबलचक घोंगडीवर बसून शिव्या खात होतो आणि माझ्या बाजूनं उत्तर द्यायला कुणी नव्हतं.  पत्नी असती तर तिनं भाषा न येताही काहीतरी फटकन सुनावलं असतं. ती गप्प बसणारी बाई नव्हती.

गाणं संपल्यावर मी भुरीबाईला म्हटलं, "मंगळीबाईंची उत्तरं तुम्हाला येत असतील की. तुम्हीच म्हणा, म्हणजे पोरं दोन्ही शिकतील."

"येत्यात. समदी येत्यात."

"मग?"

"आपुनच इचारायचं आन आपुनच सांगायचं, ते जिला कुनी न्हाई तिनं करायचं. मला इहीन हाय." मग म्हणाली, "लेक गेली म्हून इहीन जाती का?"

परत येताना लहानू बोलला. म्हातारीला खोकला होता, हिवाळा काढेल का अशी त्याला धास्ती होती. तिच्या बाजूच्या ओळी पोरांच्या तोंडात बसल्या होत्या. पण उत्तरांशिवाय ते गाणं म्हणजे एका हाताची टाळी वाजवण्यासारखं. ती गेली की उत्तरं तिच्याबरोबर जाणार. मंगळीबाईला कुणी घेऊन आलं तरच ते अर्धं गाणं वाचणार होतं. त्याला शाळा सोडून जाता येत नव्हतं, आणि वस्तीतल्या कुणाला कामावरचा खाडा परवडत नव्हता.

"मी जातो," मी म्हणालो. माझा खाडा कुठे पडणार होता?

शाळेत माझं अंथरूण दोन बाकांच्या मधे होतं. त्या मोठ्या खोलीत माझ्या एकट्याच्या खोकल्याचा आवाज घुमायचा.

शेवगाव

भुरीबाईनं निरोप दिला तो असा: "म्हनावं, भुरी म्हनती तुला उत्तर सुचंना झालंय म्हून येत न्हाईस." मी तो वाटभर घोकत गेलो.

शेवगावच्या बाजारपेठेत कापसाच्या गाठींपेक्षा माणसंच जास्त दिसली. पैठणच्या बाजूला मोठं धरण होत होतं, आणि गोदाकाठची गावं उठून वर सरकत होती. मंगळीबाईचं गाव त्यांतलंच. ज्यांची घरं-शेतं कागदावर होती त्यांची नवी वस्ती कुठे ते कुणीही सांगत होतं. नदीकाठच्या भिल्लांचं विचारलं की लोक हात हलवायचे. एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "त्ये कुटं एका जागी हायेत, गुरुजी. काम निघंल तितं त्येंचं गाव." त्यानंच मला एका पाझर तलावाच्या कामावर जायला सांगितलं, आणि बरोबर न्यायला गूळ-शेंगदाण्याचा पुडा बांधून दिला. पैसे घेईना. तिकडे वाटेत काही मिळायचं नाही म्हणाला.

तलावाच्या कामावर पाटीखाली मान वाकवून चालणाऱ्या बायांची रांग होती. मी विचारत विचारत गेलो. धोतर-टोपीतला माणूस मंगळीबाई मंगळीबाई करत मातीच्या ढिगांमधून फिरतोय म्हटल्यावर मुकादमाला वाटलं मी तपासणीला आलोय, आणि त्यानं मला बसायला खाट आणवली. गैरसमज दूर झाल्यावर त्यानं खाट परत नेली. शेवटी एक बाई पाटी खाली ठेवून पुढे आली.

"मंगळी माझी सासू. तुमी कोन?"

ही मंगळीबाईच्या मुलाची दुसरी बायको. मी सोनईकडून, भुरीबाईकडून आलो म्हटल्यावर तिनं मला पालावर नेलं. तिच्या नवऱ्याचा हात कामावर दुखावला होता, तो आत पडून होता. तिनं मला हुलग्याचं माडगं दिलं, गरम आणि किंचित तुरट. मी ते पीत असतानाच ती म्हणाली, "म्हातारी गेली की, बाबा. दिवाळीच्या म्होरं. तापच आला निसता."

मी वाटी खाली ठेवली.

"तुम्ही सांगावा धाडला नाहीत?"

"कुनाबरूबर धाडावा? आमचाच ठिकाना न्हाई."  "लई इचित्र झाल्ती शेवटाला. सांजचं दारात बसायची आन त्ये जुनं गानं म्हनायची. येक बोल म्हनायची आन गप बसायची. आमाला वाटायचं, ध्यान गेलं हिचं. मी म्हनायची, आत्याबाई, म्होरचं इसरला का? तर वरडायची माझ्यावर. गप, म्हनायची, तिला म्हनू दे."

मी विचारलं, "हसायच्या का मधेच?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमाला कसं ठावं?"

 दोन म्हाताऱ्या, मधे एवढं रान, आणि संध्याकाळी दोघीही आपापल्या दारात बसून एकमेकींसाठी जागा सोडत होत्या. आणि दिवाळीपासून एक बाजू नव्हतीच. मला माझ्या भिंगारच्या खोल्या आठवल्या. मीही चहा गाळताना दुसऱ्या कपाकडे हात नेतो आणि थांबतो. ते आठवल्यावर मात्र मी त्या परक्या पालात, परक्या माणसांसमोर रडलो. त्या बाईनं माडग्याची वाटी पुन्हा भरून माझ्यापुढे सरकवली.

उत्तरं तिला येत नव्हती. नवऱ्यालाही नाही. मी तसाच परत निघालो.

पुन्हा भिलाटी

सोनईच्या स्टँडवर लहानू उभा होता. माझ्या मागून कुणी उतरत नाही हे बघून त्यानं सायकलचं हँडल घट्ट धरलं. मी सांगितलं. 

"गुरुजी, याहाला आत्ता नका सांगू," मग तो म्हणाला. "परवा झेंडा आहे. विहीण गेली कळलं की ती लग्नाचं गाणं तोंडातून काढणार नाही, पोरांनाही म्हणू देणार नाही. आमच्यात तसंच आहे. सोनईहून माणसं बघायला येणार आहेत. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली बोली चारचौघांत बोलायची म्हणून तयारी केलीय. एकदा हुकलं तर पुन्हा धीर होणार न्हाई त्यांला."

शेवटाला त्याची शाळेतली भाषा सुटली, इतका तो कळवळला होता. मला त्याचं पटत होतं. आणि हेही कळत होतं की मेलेल्या बाईसाठी तिला आणखी दोन संध्याकाळी जागा सोडायला लावणं बरं नव्हे. वाटभर मी मनाशी वाक्यं जुळवली: घर सापडलं नाही, गाव उठून गेलं, पुढच्या खेपेला बघू. खोटं म्हणजे अगदी खोटंही नव्हतं.

भुरीबाई दारातच बसली होती. मी बाहेरच्या दगडावर टेकलो. ती काही न विचारता आत गेली आणि तांब्या घेऊन आली. त्या दिवसांत तिथे पाणी कोसभरावरच्या विहिरीवरून यायचं, म्हणून तो तांब्या म्हणजे मोठा पाहुणचार. मी हातात घेतला, पण घशाखाली जाणार नाही असं वाटलं आणि तसाच खाली ठेवून दिला.

लहानूनं डोळे मिटून घेतले. का ते मला मागाहून कळलं. मरणाचा सांगावा आणणारा माणूस त्यांच्यात उंबऱ्याबाहेर बसतो आणि दिलेलं पाणी पीत नाही. तोंडानं सांगायची पद्धतच नाही. माझी जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली, आणि मी नकळत सगळं रीतसर सांगून बसलो होतो.

"कवा?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

तिनं तोच तांब्या उचलला आणि उभ्यानंच डोक्यावर ओतला. एवढीच तिची आंघोळ. केसांतून पाणी गळत असताना ती शेवगावच्या दिशेला तोंड करून बसली. बातमी वस्तीत पसरली, बाया आल्या, पोरंही आली आणि नेहमीच्या सवयीनं तिच्यामागे दाटीवाटीनं बसली. मला वाटलं, आता रडणं सुरू होईल. लहानू माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. तो हळूच म्हणाला, "संपलं, गुरुजी."

भुरीबाईनं तोंड उघडलं आणि आवाज भलताच निघाला. जाड, नाकातला, घाईचा. एक बाई दचकून म्हणाली, "मंगळीच गं बाई." विहीण गेल्यावरची एक जुनी रीत लहानूलाही ठाऊक नव्हती, ती मला तेव्हा दिसली. तिच्या वाटणीचं गाणं तिच्याच आवाजात एकदा म्हणायचं. भुरीबाईनं पहिलं उत्तर म्हटलं. लहानूच्या तोंडून अर्थ आपोआप बाहेर पडला: हाडंच बरी गं विहिणी, तुमच्या घरी जेवायला बसलं की दातांना कामच नसतं.

ती इतक्या दिवसांत कशाला हसत होती ते एकदाचं कळलं. आणि मग ती थांबली. या वेळी तिनं स्वतःच्या ओळीची जागा सोडली होती. दोन्ही बाजू ती म्हणणार नव्हतीच.

कुणी सांगितलं नव्हतं. पण ओळ पोरांना पाठ होती, आणि जागा आली की म्हणायची सवय होती. आधी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं सुरू केली, मग सगळ्यांनी उचलली. भुरीबाईची ओळ, भुरीबाईच्याच पातळ सुरात, तिच्या पाठीमागून. तिची पाठ ताठ झाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मंगळीचं दुसरं उत्तर दिलं. पोरांनी पुढची ओळ म्हटली. तिनं तिसरं दिलं. मधे कुठेही शांतता उरली नाही. लहानू अर्थ सांगायचा विसरला होता, आणि मलाही त्याची गरज वाटत नव्हती.

शेवटच्या ओळीचा अर्थ तेवढा त्यानं सांगितला. मुलीची आई विचारते: लेक नेलीस विहिणी, आता माझ्या चुलीपाशी कोण बसेल? पोरांनी ते विचारलं. मंगळीच्या आवाजात उत्तर आलं: जागा मोकळी ठेव, सुनेशी भांडले की मीच येऊन बसेन.

ते म्हणून झाल्यावर भुरीबाई रडली. तिच्या स्वतःच्या आवाजात, बराच वेळ.

झेंड्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू तिच्याकडे भीत भीत गेला, मीही बरोबर होतो. तो काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "लगीन नगं. हळद, बाशिंग काय नगं. पन गानं हुंदे. तिचं मी म्हनीन, माझं पोरं म्हनतील. तिचं बंद पाडलं तर ती मला तितनं शिव्या घालंल."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. सोनईहून बरीच माणसं आली होती. त्यांत काही शेतमालकही होते, आणि भिल्लांची पोरं काय करतात ते बघायला हात बांधून उभे होते. शाळेपुढचं अंगण झाडलेलं होतं. एका बाजूला पोरं बसली, बायांनी त्यांची डोकी तेल लावून चापून बसवली होती. दुसऱ्या बाजूला तीच लांब घोंगडी आणि तिच्यावर वरपक्ष म्हणून मी. पेटी शाळेतच ठेवली होती. इतक्या लोकांसमोर एकट्यानं बसायचं म्हणजे मला कानकोंडं झालं होतं. मी धोतराची निरी नीट करत होतो.

भुरीबाई पोरांपाशी उभी होती. तिथेच तिची रोजची जागा. पोरांनी सरकून तिला जागाही केली. ती बसली नाही. मधली मोकळी जमीन ओलांडून ती सावकाश माझ्याकडे आली.

"सरका वाईच," ती म्हणाली. "मी आता हिकडची."

मी सरकलो.